पेट्रोल वाचवणाऱ्यांची रात्र

कानात कापसाचे बोळे घाला. नको म्हणू नका, घालाच. पुढचे चोवीस तास ते काढायची सोय नाही. पायात जाड तळाचे बूट हवेत, कारण इथली जमीन रबराच्या चुऱ्याने आणि सांडलेल्या तेलाने निसरडी झाली आहे. अंगावरचा डगला तुमच्या मापाचा नसेल, तरी चालेल. इथे आज कुणाचं लक्ष कुणाच्या कपड्यांकडे नाही.

तुम्ही उभे आहात फ्रान्समध्ये, ल मांच्या शर्यतीत, जून 1985 मधल्या एका शनिवारी दुपारी. ही काँक्रीटची अरुंद खोली म्हणजे योस्ट रेसिंगचं पिट. मागे टायरांच्या चळती, कडेला पान्यांचे खण, आणि एवढ्या जागेत इतकी माणसं की वळायचं तर आधी शेजाऱ्याला सांगावं लागतं. समोरच्या पिट लेनमध्ये वेगमर्यादा नाही. पाऊल टाकण्याआधी डावीकडे बघा, गाड्या तिकडून येतात. पलीकडच्या स्टँडमध्ये माणसांची भिंत उभी आहे, आणि वारा फिरला की जत्रेकडून तळणीचा वास येतो: बटाट्याच्या फोडी, सॉसेज, सांडलेली बिअर. जत्रेतला आकाशपाळणा फिरतोच आहे. शर्यत संपेपर्यंत फिरत राहील.

आता गाडीकडे बघा. पोर्शे 956, पिवळ्याधमक रंगाची, दारावर नंबर 7. अंगावर न्यू मॅन या फ्रेंच कपडेवाल्यांचं नाव आहे. मान उलटी करून वाचा, तेच नाव उलटंही तसंच दिसतं. हात लावायचा मोह होईल, पण लावू नका. सराव करून नुकतीच आली आहे, मागचा पत्रा भाजेल. चालकाची जागा इतकी पुढे की त्याची पावलं पुढच्या चाकांच्या आसापलीकडे जातात. पायांपुढे फक्त पातळ नाक आणि मग थेट रस्ता. एकदा वाकून आत बघून घ्या. इथे बसून जवळपास साडेतीनशेच्या वेगाने जाणाऱ्या माणसाबद्दलचा आदर लगेच वाढतो.

ही गाडी नवी नाही. गेल्या वर्षी हिनेच इथे बाजी मारली होती, हीच चासी, क्रमांक 117. पण गेल्या वर्षी पोर्शेचा स्वतःचा संघ नियमांवरून रुसून घरी बसला होता. यंदा तो आला आहे, सिगारेटवाल्या रोथमन्सच्या निळ्या-पांढऱ्या रंगात, नव्या 962 गाड्या घेऊन. त्यांच्या हान्स श्टुकने सरावात ताशी 251 किलोमीटर सरासरीने फेरी मारली, तेव्हा स्टँडमधून आलेला आवाज तुम्ही कापसातूनही ऐकला असता. आणि इकडे आपण: राइनहोल्ड योस्ट नावाच्या, स्वतः शर्यती धावलेल्या, जर्मनीतल्या ओडेनवाल्डच्या टेकड्यांतल्या माणसाचा खासगी संघ. गाडी कारखान्याकडून विकत घेतलेली. ज्यांनी ती विकली त्यांनाच आज हरवायचं आहे.

शर्यत सुटते. पन्नासएक गाड्या एकदम अंगावरून गेल्यासारख्या जातात आणि छातीचा पिंजरा थरथरतो. पोर्शेचा आवाज त्यातल्या त्यात दबका असतो, टर्बो अर्धा आवाज गिळतो आणि शिट्टी तेवढी सोडतो. अमेरिकेहून आलेल्या जॅग्वारची बारा सिलिंडरची गर्जना मात्र थेट पोटात शिरते.

आता तुमचं काम. कारखान्याची माणसं वेगाचं बोलतात, तुम्ही आज लिटरांचं बोलायचं. यंदा एका गाडीला पूर्ण शर्यतीसाठी 2,210 लिटर इंधन मिळतं. एक थेंबही जास्त नाही. गेल्या वर्षीपेक्षा हे पंधरा टक्क्यांनी कमी. फेरी साडेतेरा किलोमीटरची, म्हणजे एका फेरीला सहा लिटर गेले तरी रविवारी दुपारी टाकीत खडखडाट. तेव्हा डोळे तक्त्यावर ठेवा. बाळाला पाजायचं दूध मोजावं तसं पेट्रोल मोजायचं आहे, आणि इथे चुकलात तर रडणार आहेत तगडे मेकॅनिक.

गाडी आत येते. इंजिन बंद. नळी लागते. आता बाकी कुणी गाडीला हात लावायचा नाही, नुसतं उभं राहायचं, आणि इंधन तर नियमानेच सावकाश उतरतं. ब्रेकच्या चकत्यांवरून उष्णतेच्या लाटा उठतात. जळलेल्या पॅडचा, तापलेल्या रबराचा आणि पेट्रोलचा असा मिळून एक वास नाकात बसतो की उद्या खाल ती प्रत्येक गोष्ट तशीच लागेल. नळी निघते, हवेच्या जॅकवर गाडी फुस्सकन उचलली जाते, चाकं बदलतात, धप्पकन खाली, आणि गेली. तुमच्या नाकाखाली पुन्हा रिकामी जमीन.

आता खरी गंमत सुरू होते. आपला क्लाउस लुडविग आणि इंग्रज संघाच्या 14 नंबरच्या पोर्शेतला जोनाथन पामर एकमेकांच्या मागे चिकटून पळू लागतात. दोघेही खासगी, दोघांचाही हिशोब लिटरचा. पुढची गाडी हवा फाडते, मागचीला ती आयती मिळते, म्हणून मागच्याचा पाय हलका राहतो. मग जागा बदलायची. प्रतिस्पर्धी असूनही दोघं एकमेकांना ओढत नेतात. बाहेरून बघणाऱ्याला ही चुरशीची झुंज वाटते, आणि तक्त्यावर मात्र वाचलेल्या थेंबांची बेरीज वाढत जाते. मला या शर्यतीतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. वेगाच्या खेळात दोन माणसं, तीनशेच्या पुढे, काटकसर करत होती.

रात्र पडल्यावर कुणी तुमच्या खांद्यावर थाप मारतं. म्युलसानच्या वळणाकडे निघायचं, पाटी दाखवणाऱ्याला सोबत करायला. गाडीतून आडवाटेने जाता, आणि पंधरावीस मिनिटांपूर्वीचा गोंगाट अचानक पाइनच्या झाडांत हरवतो. इथे ओल्या मातीचा आणि राळेचा वास आहे. सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला एक दिवा दिसतो, दोन होतात, मग चकत्या लालभडक होतात आणि गाडी वळणासाठी मंदावते. पिटकडून टेलिफोनवर आकडे येतात, तुम्ही ते पाटीत अडकवता, चालकाला ते क्षणभर दिसतात. नीट लक्ष द्या: आपली गाडी ब्रेक मारायच्या बरीच आधी गप्प होते. लुडविगने पाय उचलला, गाडी वेगाच्या जोरावरच वळणापर्यंत आली. तेवढंच इंधन वाचलं.

पहाटे थंडी बोचते. कॉफी कडू, हात काळे, पाठ ताठ झालेली. या वेळी माणसं टायरांना टेकून उभ्याउभ्या झोपतात, आणि आपली गाडी येतेय म्हटलं की त्याच झोपेत पाना हातात घेतात. खरं काम लुडविग आणि इटलीच्या पास्तावाल्या घराण्यातला पाओलो बारिला यांच्याच अंगावर आहे. तिसरा जॉन विंटर. ते त्याचं खरं नाव नव्हे. ब्रेमेनमधल्या लाकडाच्या व्यापारी घराण्यातला हा गृहस्थ आईला कळू नये म्हणून टोपणनावाने पळतो, असं सांगतात. तो शेजारून जाताना बघितल्यासारखं करू नका.

रविवारी दुपारी हातातला तक्ता सोडा आणि कठड्याला घट्ट धरा. निळे-पांढरे मागे आहेत. कारखान्याची एक गाडी बाद, एक अडचणीत सापडून दहाव्या जागी, आणि तिसरी लढतेय तीही तिसऱ्या जागेसाठी. 5,000 किलोमीटरच्या पुढे धावलेली आपली पिवळी गाडी पहिली रेषा ओलांडते, तिच्यामागे दुसरा आलेला सोबती 14 नंबर. आणि मग हजारो माणसं कठडे ओलांडून रस्त्यावर उतरतात, गाड्यांना वाट मिळत नाही. तुम्हाला कुणीतरी मिठी मारतं, तुमचा कान घामाच्या बगलेत. तुम्ही तो काढून घेत नाही.

आता कापूस काढा. परत यायच्या आधी एवढं माहीत असू द्या: 1996 साली योस्ट पुन्हा इथे आले, यावेळी जुन्या जॅग्वारच्या सांगाड्यात पोर्शेचं इंजिन बसवलेली उघडी गाडी घेऊन, आणि पोर्शेच्या नव्याकोऱ्या कारखानी गाड्यांना मागे टाकलं. पुढच्या वर्षी तीच चासी पुन्हा जिंकली. 1984, 85, 96, 97. चार विजय, दोनच गाड्या, आणि चारही वेळा गाडीवर नंबर 7.