माफक किमतीची वाइन (महाराष्ट्र)

माफक किमतीची वाइन म्हणजे सामान्य उत्पन्नाच्या ग्राहकाला परवडणारी, बहुधा राज्यातील द्राक्षांपासून केलेली आणि दीर्घकाळ न मुरवता एक-दोन वर्षांत प्यावयाची वाइन होय. तिची किंमत द्राक्षाच्या प्रतीइतकीच कर, बाटली व वाहतूक यांवर अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा हा परिसर वाइनच्या द्राक्षांना अनुकूल नाही. मात्र मुंबई-पुणे मार्गावरील पर्यटनामुळे तेथे वाइनला ग्राहक मिळतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यात वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे मावळ भातशेतीसाठी ओळखला जातो. इंद्रायणी हे भाताचे वाण वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातच विकसित झाले. द्राक्षवेलीला कोरडी हवा लागते. ती जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील जुन्नर, बारामती, दौंड व इंदापूर या भागांत मिळते. तेथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी करतात. वाइनच्या द्राक्षांचा हंगाम साधारणतः जानेवारी ते मार्च असा असतो.

इतिहास

१९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू केले. ती परदेशी बाजारात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली जाई. पुढे नाशिक हे या उद्योगाचे प्रमुख केंद्र बनले. दौंड तालुक्यातील रोटी व सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरातही वाइननिर्मिती सुरू झाली. राज्य शासनाने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून राज्यातील वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्यानंतर मूल्यवर्धित कराचा मोठा भाग उत्पादकांना परत देणारी योजनाही लागू करण्यात आली. स्थानिक वाइन तुलनेने स्वस्त राहण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

किमतीचे घटक

बाटली, बूच, लेबल आणि वाहतूक यांचा खर्च स्वस्त व महाग वाइनसाठी फारसा वेगळा नसतो. त्यामुळे अतिस्वस्त बाटलीच्या किमतीत प्रत्यक्ष वाइनचा वाटा सर्वांत कमी असतो आणि किंमत थोडी वाढली तरी प्रतीत मोठा फरक पडू शकतो. वरच्या किमतींत हा फरक कमी होत जातो. ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली वाइन महाग असते. आयात केलेल्या २२५ लिटरच्या पिंपातून ७५० मिलिलिटरच्या केवळ ३०० बाटल्या भरतात आणि मुरण्याच्या काळात भांडवल अडकून राहते.

परदेशी वाइनवर भारतात दीर्घकाळ १५० टक्के आयात शुल्क होते. २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारात शुल्ककपातीसाठी प्रति बाटली ५ डॉलर ही किमान आयात किंमत ठेवण्यात आली. त्यामुळे सर्वांत स्वस्त ऑस्ट्रेलियन वाइनला त्या सवलतीचा लाभ मिळाला नाही. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने एकाच बाटलीची किंमत राज्याराज्यांत वेगळी असते.

प्रमुख प्रकार

माफक दरात शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइन विशेष किफायती ठरतात. पिंपात न मुरवता ताज्या असतानाच त्या विकता येतात. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ तिखट जेवणासोबतही चालते. याउलट तुरट लाल वाइनमुळे तिखटपणा अधिक जाणवतो. लाल वाइनमध्ये शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षे प्रचलित आहेत. ‘पोर्ट’ या नावाने मिळणारी गोड वाइन सर्वांत स्वस्त प्रकारांत मोडते. पोर्तुगालमधील मूळ पोर्टशी तिचे साम्य मुख्यतः नावापुरते व गोडीपुरते असते. ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली व डबाबंद वाइन यांमुळे एकरकमी खर्च कमी होतो, परंतु प्रति मिलिलिटर दर अनेकदा जास्त पडतो.

विक्री व वाद

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानांत सर्व प्रकारचे मद्य मिळते. बिअर शॉपीत बिअर व वाइन विकली जाते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांचे उत्पन्न वाढेल, असे त्याचे समर्थन करण्यात आले. व्यसनाधीनता वाढेल, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. गोव्यात मद्य स्वस्त असले, तरी केवळ तेथील विक्रीसाठी असलेले मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे.

साठवण व दक्षता

वाइन उष्णता व प्रकाश यांमुळे बिघडते. सहलीला जाताना उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेली बाटली काही तासांतच खराब होऊ शकते. लोणावळ्याच्या पावसाळी दमट हवेत लेबलवर व बुचाच्या बाहेरील भागावर बुरशी येते; तेवढ्यावरून आतील वाइन बिघडली असे ठरत नाही. उघडलेली बाटली बूच लावून शीतकपाटात ठेवल्यास साधारण तीन दिवस टिकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. द्रुतगती मार्ग व घाट यांमुळे लोणावळा परिसरात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे.