गीतकाराचा रकाना

मागच्या दिवाळीत कोल्हापूरच्या घरी आजोबांच्या सीडी फोनवर घ्यायला बसलो. मला वाटलं, तासाभराचं काम. 'पिंजरा'ची गाणी आली, पण नावं होती 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' आणि सगळ्यांखाली 'अननोन आर्टिस्ट'. मग एकेक नाव देवनागरीत टाइप केलं. आजोबांनी चष्मा लावून फोन बघितला आणि विचारलं, "उषाताई दिसत्यात. खेबुडकर कुठं गेले?"

प्रश्न साधा होता. 'पिंजरा' १९७२ चा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत राम कदम, लावण्यांचा आवाज उषा मंगेशकरांचा आणि शब्द जगदीश खेबुडकरांचे. खेबुडकर आमच्या जिल्ह्यातल्या हळदी गावचे. पेशानं शिक्षक. आजोबांच्या पिढीनं गाणी रेडिओवर ऐकली. तिथं गाण्याआधी निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायचा. माझ्या फोनमध्ये मात्र एकाच नावाला जागा होती. असं का, हे शोधताना शंभर वर्षं मागं जावं लागलं.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात ध्वनिमुद्रणं करत होता. गौहर जान गायच्या आणि गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना लेबलवर कुणाचं नाव छापायचं ते त्या आवाजातून कळायचं. म्हणजे गाणं आणि नाव एकाच खोबणीत कोरलेलं होतं. एकाला दुसऱ्यापासून तोडताच येत नव्हतं.

ही गाठ सीडीनं सोडली. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हाच्या मानकात गाण्याचं नाव साठवायची सोय नव्हती. डिस्कवर फक्त कुठलं गाणं कुठे सुरू होतं, याची यादी. नाव कागदी वेष्टनावर. मग नव्वदीच्या दशकात सीडीडीबी आलं. गाण्यांच्या सुरुवातीच्या वेळांवरून डिस्कचा एक क्रमांक काढायचा आणि जगभरच्या हौशी लोकांनी टाइप केलेल्या यादीत तो शोधायचा. कुणी यादी भरलीच नसेल, तर 'ट्रॅक ०१'. कधीकधी दोन वेगळ्या डिस्कना एकच क्रमांक यायचा आणि लावणीवर भलत्याच अल्बमचं नाव चिकटायचं.

एमपी३ मध्ये तर सुरुवातीला नावाचा पत्ताच नव्हता. १९९६ मध्ये एरिक केम्पनं फाइलच्या शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडली, आयडी३. शीर्षक ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, संगीतप्रकार १ आणि ओळखीसाठी ३. गीतकार नाही, संगीतकार नाही.

तीस बाइटमध्ये रोमन अक्षरं तीस मावतात. पण आज आपण वापरतो त्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइट खातो. मी मोजून पाहिलं. 'उषा मंगेशकर' होतात ३१ बाइट. एका बाइटनं 'र' तुटतो. 'जगदीश खेबुडकर' ३७ बाइट, त्यामुळे 'जगदीश खेबु' आणि पुढे चौकोन. 'राम कदम' १९ बाइटमध्ये आरामात बसतात, पण त्यांच्यासाठी रकानाच नाही.

त्यात ही जुनी चिठ्ठी रोमन लिपी गृहीत धरते. तिच्यातली देवनागरी एखाद्या ॲपनं रोमन समजून वाचली, की डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या 'ए'ची रांग लागते. फाइल बिघडलेली नसते, वाचणारा चुकीची लिपी धरून बसलेला असतो.

दुरुस्ती अवघड नाही. टॅग एडिटरमध्ये जुनी चिठ्ठी पुसायची आणि आयडी३च्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ निवडून, नावं पुन्हा लिहायची. तिथं तीस बाइटची अट नाही. अल्बम आर्टिस्टच्या रकान्यात सगळ्या गाण्यांना एकच नाव द्यायचं, नाहीतर गायक बदलला की एका अल्बमचे चार होतात. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या आवृत्तीपासून गीतकाराचा आणि संगीतकाराचा वेगळा रकाना आहे. पंचवीसहून जास्त वर्षं आहे. आपण तो भरत नाही, आणि भरला तरी बहुतेक ॲप पडद्यावर दाखवत नाहीत.

म्हणून मी खेबुडकरांचं नाव दोनदा लिहिलं, एकदा त्यांच्या रकान्यात आणि एकदा शीर्षकाच्या शेवटी कंसात. प्रोग्रामर म्हणून मला हे पटत नाही. एका रकान्यात दुसऱ्याची माहिती कोंबायची नसते. पण आजोबा फोन हातात घेतात, नाव वाचतात आणि मगच गाणं लावतात.