पट्ट्याचं माहेर

नागपूरजवळच्या मिहानमध्ये एअर इंडियाच्या विमानांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी बोइंगने बांधून दिलेलं केंद्र आहे. तिथून जवळच, शिवमडक्याला, समृद्धी महामार्ग सुरू होतो. त्या रस्त्यावर ताशी 120 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत आपल्याला सीटला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचं माहेर विमानच आहे.

1910 मध्ये बेंजामिन फुलॉइस या अमेरिकी लष्करी वैमानिकाने हिसक्यासरशी बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून स्वतःला चामडी पट्ट्याने जागेवर बांधून घेतलं. मोटारीत पट्टा आला तो बरीच वर्षं नुसताच कमरेचा. धडकेत कंबर जागेवर राही, पण धड पुढे झुकून डोकं आपटे. पट्टा पोटावर सरकलेला असला तर आतल्या अवयवांनाच मार बसे.

यातून वाट काढली नील्स बोलिन यांनी. आधी ते स्वीडनच्या साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर उडवणाऱ्या इजेक्शन सीटवर काम करत. 1958 मध्ये ते व्होल्वोत आले. वैमानिक सांगाल तेवढे पट्टे बांधून घेतो. मोटारीतला माणूस मिनिटभरही अडचण सोसत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी एका हाताने, एका ओढीत लागेल असा पट्टा केला. एक पदर छातीवरून तिरपा, दुसरा मांड्यांच्या वर, खुब्याच्या हाडांवरून. दोन्ही कमरेशेजारी खाली एकाच जागी अडकतात. धडकेचा भार पोटावर न येता बरगड्यांवर आणि खुब्यावर वाटला जातो. 1959 मध्ये तो व्होल्वोच्या गाड्यांत बसला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्या कारखानदारांना खुलं केलं. या कुळकथेतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच. गाड्यांत एअरबॅग आली ती त्यानंतर, आणि तीही पट्ट्याची मदतनीस म्हणून. पट्ट्याची जागा ती घेत नाही.

भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटना पट्ट्याची आठवण देणारा गजर सक्तीचा झाला. मागच्या सीटवरही पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे, न लावल्यास 1,000 रुपये दंड आहे. तरी मागे काय होतं ते पाहा. नवी गाडी घरी येते, आठवड्याभरात सीट कव्हर चढतं आणि मागची बक्कलं त्याखाली गडप होतात. पुढचा गजर बंद ठेवायला नुसती क्लिप खोचतात. ती ऑनलाइन विकणाऱ्या पाच कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये विक्री थांबवायला लावली.

4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. मागे बसलेले ते आणि त्यांचे सहप्रवासी दोघेही गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. ताशी 120 च्या वेगात गाडी जागच्या जागी थांबली, तर अंगात असलेला जोर साधारण 57 मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो. मागचा माणूस मोकळा असेल, तर तो जोर समोरच्या सीटवर आणि तिच्यात बसलेल्या माणसाच्या पाठीवर जाऊन आदळतो.

ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मूल्यांकनात समोरून होणाऱ्या धडकेची चाचणी ताशी 64 किलोमीटरला घेतात. गाडीला मिळणारे तारे मुख्यतः आत बसवलेल्या पुतळ्यांना किती मार बसला त्यावर ठरतात, आणि ते पुतळे पट्टा लावूनच बसवलेले असतात.