मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर : जीवनकार्य आणि ध्वनिमुद्रित वारसा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव आणि खेड हे तालुके वारकरी परंपरेने एकमेकांशी जोडलेले आहेत. जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानेश्वरांच्या कथेतील रेड्याची समाधी दाखविली जाते, ओतूर येथे तुकोबांचे गुरू मानले जाणारे बाबाजी चैतन्य यांचे समाधिस्थान आहे आणि आंबेगावच्या दक्षिणेस असलेल्या खेड तालुक्यात आळंदी आहे. गावोगावच्या भजनी मंडळांतून या प्रदेशाचा कान घडला. याच आळंदीत दि. २० जानेवारी १८९८ रोजी कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर, म्हणजेच मास्टर कृष्णराव यांचा जन्म झाला. गायक, नट, संगीतकार, ग्रंथकार व शिक्षक अशा विविध नात्यांनी त्यांनी महाराष्ट्राच्या संगीतजीवनावर अर्धशतकाहून अधिक काळ प्रभाव टाकला. त्यांच्या जीवनकार्याचा आढावा घेणे आणि त्यांच्या कार्यापैकी काय ध्वनिमुद्रित झाले, काय होऊ शकले नाही व त्याची कारणे कोणती, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुरू आणि शिष्य : दोन पिढ्यांमधील अंतर

कृष्णरावांनी लहान वयातच नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून प्रवेश केला. तेथे त्यांना सवाई गंधर्वांचा सहवास लाभला. पुढे ते पंडित भास्करबुवा बखले यांचे शिष्य झाले. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांच्या गायकीचा अभ्यास केला होता आणि पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली होती. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘स्वयंवर’ या नाटकाच्या संगीताने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

दि. ८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवांचे निधन झाले. भारतात ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला होता. म्हणजे बुवांच्या हयातीत हे तंत्र उपलब्ध होते. तथापि त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. एवढ्या मोठ्या गवयाचा आवाज कसा होता, याचे उत्तर आज केवळ आठवणींतून आणि शिष्यांच्या गायनातून शोधावे लागते. शिष्याच्या बाबतीत मात्र परिस्थिती निराळी आहे. कृष्णरावांचा आवाज तबकड्यांवर आहे, त्यांच्या चाली चित्रपटांत आहेत आणि त्यांच्या बंदिशी स्वरलिपीत छापलेल्या आहेत. गुरु-शिष्यांमधील हा फरक केवळ योगायोगाचा नाही. गायनाकडे पाहण्याची दृष्टीच एका पिढीत बदलली, हे त्यातून स्पष्ट होते.

तबकडीची मर्यादा आणि नाट्यपद

तत्कालीन दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. सावकाश आलापीने तासभर फुलणाऱ्या ख्यालाला ही चौकट जाचक होती. अनेक बुजुर्ग गवयांनी ध्वनिमुद्रणाकडे पाठ फिरविली, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. कृष्णरावांची गायकी मुळातच चपळ व मिश्कील होती. मध्य आणि द्रुत लयीत अल्पावधीत रंग भरण्याची हातोटी त्यांच्याजवळ होती. शिवाय रंगभूमीवरील अनुभवामुळे थोडक्या वेळात श्रोत्यांचे लक्ष वेधून घेण्याची सवय त्यांना झालेली होती. तीन मिनिटांची चौकट त्यांना अडचणीची ठरली नाही, हे त्यांच्या तबकड्या ऐकताना सहज ध्यानात येते.

भास्करबुवांच्या पश्चात गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची धुरा कृष्णरावांकडे आली. १९३१ सालच्या ‘कान्होपात्रा’ या नाटकातील अभंगांना त्यांनी दिलेल्या चाली बालगंधर्वांच्या कंठातून महाराष्ट्रभर गेल्या. रागदारीचा पाया कायम ठेवून भजनाचा भाव न हरविणे हे या चालींचे वैशिष्ट्य होय. आळंदीच्या परिसरातील भजनसंस्कार व घराणेदार तालीम यांचा मेळ येथे दिसून येतो. नाट्यगृहातील या चाली पुढे भजनी मंडळांनीही आपल्याशा केल्या. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतन या संस्थेने सादर केलेल्या ‘कुलवधू’ या नाटकासाठी मात्र त्यांनी वेगळा मार्ग धरला. ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेली त्यातील पदे आटोपशीर होती. पदांची संख्या आणि लांबी कमी करून संगीत नाटकाला नव्या काळाशी जुळवून घेण्याचा तो प्रयत्न होता.

चित्रपटातील कार्य

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. ‘धर्मात्मा’ (१९३५) या संत एकनाथांवरील चित्रपटापासून कृष्णरावांचा प्रभातशी संबंध आला. त्यानंतर ‘अमरज्योती’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. ‘गोपालकृष्ण’मध्ये कृष्णाची भूमिका करणारे राम मराठे पुढे त्यांचे शिष्य व नामवंत गायक झाले. १९४४ सालच्या ‘भक्तीचा मळा’ या चित्रपटात कृष्णरावांनी स्वतः संत सावता माळी यांची भूमिका केली.

चित्रपटामुळे हे संगीत तबकडीपेक्षा दूरवर पोहोचले. परंतु चित्रपटाचे माध्यमही टिकाऊ नव्हते. त्या काळातील फिल्म नायट्रेटची असून ती अत्यंत ज्वालाग्राही होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागून फार मोठा ठेवा नष्ट झाला. एकदा मुद्रित झाले म्हणजे ते कायमचे जतन झाले, हा समज किती भ्रामक आहे हे या घटनेने दाखवून दिले.

समूहासाठी केलेल्या रचना

कृष्णरावांच्या कार्याचा सर्वांत उल्लेखनीय भाग म्हणजे त्यांनी समूहगायनासाठी केलेल्या रचना. ‘वंदे मातरम्’ला त्यांनी झिंझोटी रागात चाल दिली. स्वातंत्र्यापूर्वी आकाशवाणीवर हे गीत गाताना प्रक्षेपण थांबविण्यात आल्यामुळे त्यांनी आकाशवाणीवर गाणे सोडले व स्वातंत्र्य मिळेपर्यंत तो निर्धार पाळला. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा ‘वंदे मातरम्’ हे समूहाने गाण्यास आणि बँडवर वाजविण्यास सोयीचे नाही, असा आक्षेप घेतला गेला. कृष्णरावांनी या आक्षेपाला वादाने नव्हे, तर रचनेने उत्तर दिले. सामान्य माणसाला झेपेल अशी स्वरांची मर्यादा, कूचगतीस योग्य लय आणि बँडसाठी बांधणी या तिन्ही अंगांनी त्यांनी चाल सिद्ध केली, तिचे ध्वनिमुद्रण केले आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिकही सादर केले. दि. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले व ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान देण्यात आला. कृष्णरावांचा मूळ हेतू पूर्णतः सिद्धीस गेला नाही. तथापि शास्त्रीय संगीताच्या एका साधकाने राष्ट्रीय प्रश्नात आपल्या विद्येच्या बळावर केलेला हा हस्तक्षेप इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे.

१९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इच्छेनुसार कृष्णरावांनी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली आणि तिचे ध्वनिमुद्रण झाले. नागपूर येथील दि. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्या लाखो लोकांचे जीवन पालटले, त्यांच्या सामुदायिक उपासनेला स्वररूप देण्याच्या कार्यात आळंदीच्या या कलावंताचा वाटा आहे.

स्वरलिपी : ध्वनिमुद्रणाला पूरक साधन

तबकडीवर ख्यालाचा संपूर्ण विस्तार येऊ शकत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी कृष्णरावांनी ‘रागसंग्रह’ ही सात भागांची ग्रंथमाला सिद्ध केली. गुरूंकडून मिळालेल्या आणि स्वतः रचलेल्या बंदिशी तीत स्वरलिपीसह दिल्या आहेत. भारत गायन समाजातील अध्यापनातून त्यांनी हीच विद्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविली. स्वरलिपी बंदिशीचा सांगाडा सांगते, आवाजाचा लगाव सांगत नाही. तबकडी आवाज ऐकविते, विस्तार ऐकवीत नाही. म्हणून संशोधकाने ही दोन्ही साधने एकत्र ठेवूनच कृष्णरावांचे मूल्यमापन करणे आवश्यक ठरते. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण आणि १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचे रत्नसदस्यत्व प्राप्त झाले. दि. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ध्वनिमुद्रित वारसा हा कलावंताच्या कार्याचा आरसा नसून एक गाळणी आहे. जे तीन मिनिटांत मावले, ज्याला बाजारात मागणी होती, तेच प्रामुख्याने शिल्लक राहिले. हीच कसोटी जुन्नर-आंबेगावच्या संगीताला लावली तर चित्र अधिक विदारक दिसते. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडाने आणि राष्ट्रपती पुरस्काराने गौरविलेल्या विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) यांनी गाजविलेला रात्रभराचा खेळ तबकडीत मावणारा नव्हता. भजनी मंडळांच्या चालींचीही तीच गत आहे. रंगभूमी, चित्रपट व छापखाना यांचे पाठबळ कृष्णरावांना लाभले. फडावरच्या आणि देवळातल्या कलावंतांना ते क्वचितच लाभले.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे कृष्णरावांच्या बहुतेक तबकड्या आता अभ्यासासाठी खुल्या आहेत. गावोगावच्या घरांत पडून असलेल्या जुन्या तबकड्या व ध्वनिफिती यांची नोंद करणे आणि वृद्ध गायक-वादकांच्या चाली ध्वनिमुद्रित करणे हे काम ग्रामीण भागातील महाविद्यालये आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अल्प खर्चात करू शकतात. भास्करबुवांचा आवाज १९२२ मध्ये त्यांच्याबरोबरच गेला. त्यांच्या शिष्याने ती चूक पुन्हा होऊ दिली नाही, हे त्याच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.