रस्त्यावर सांडलेला कोळसा, आडवे पडलेले झाड : अपघाताला जबाबदार कोण?

चंद्रपूर : घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर पट्ट्यातून धावणारे कोळशाचे ट्रक, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडहून निघणारी लोहखनिजाची वाहने, जंगलातील बांबू-सागवानाची वाहतूक आणि सुगीत डांबरी रस्त्यावरच पसरलेला धान! चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रस्त्यांवर वाहनांखेरीज बरेच काही असते. रात्री दुचाकीने गावी परतणारा घरातील कर्ता माणूस अशा एखाद्या ढेकळावरून घसरतो, तेव्हा धडक देणारे वाहन समोर नसते. ‘गाडी घसरून स्वतःच पडला’ अशी नोंद होते आणि भरपाईचा विषय तेथेच संपतो. कायदा मात्र तेथे संपत नाही.

वाहनातून पडलेला माल

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहनाच्या ‘वापरातून’ घडलेल्या अपघाताची भरपाई मागता येते. प्रत्यक्ष धडक झालीच पाहिजे, अशी अट नाही. या बाबतीत सातारा जिल्ह्यातील एक प्रकरण मार्गदर्शक ठरले आहे. १९८७ मध्ये महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी टक्कर होऊन उलटला. काही तासांनी सांडलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला आणि तेथे जमलेल्यांपैकी काही जण दगावले. टँकर तेव्हा चालत नव्हता, म्हणून तो ‘वापरात’ नव्हता, असा बचाव घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो अमान्य केला. टक्कर, गळती आणि स्फोट हे एकाच घटनाक्रमाचे भाग मानले गेले. ट्रकमधून पडलेला कोळसा किंवा नादुरुस्त ट्रकभोवती लावून तसेच सोडून दिलेले दगड यांबाबतही याच तत्त्वाचा आधार घेता येतो.

माल वाहनाच्या हौद्याबाहेर आल्यास २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा वा धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर धान वाळविणाऱ्या शेतकऱ्यालाही ही कलमे लागू होऊ शकतात. तेथे दुसऱ्या वाहनाचा संबंध नसल्याने विम्याचे संरक्षण नसते. भरपाईचा भार शेतकऱ्यावरच येऊ शकतो.

ट्रक सापडलाच नाही तर?

अज्ञात वाहनामुळे मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अर्ज तहसीलदार वा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या स्तरावर तपासला जातो. मात्र माल वाहनातूनच पडला, हे कागदावर दिसले पाहिजे. याखेरीज दुचाकी स्वतःच्या नावावर असून ती स्वतः चालविणाऱ्या परवानाधारकाने विमा घेताना १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतले असल्यास वारसांनी त्याची मागणी अवश्य करावी.

झाड पडले तर?

राजकोट येथे रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता. झाड धोकादायक असल्याची महापालिकेला कल्पना होती, हे सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तिला जबाबदार धरले नाही. वनजिल्ह्यांसाठी हा निकाल महत्त्वाचा आहे. वाळलेल्या झाडाबाबत ग्रामपंचायतीने केलेला लेखी अर्ज आणि त्याची पोच उद्या न्यायालयात निर्णायक ठरू शकते.

अर्ज कोणाकडे करावा, हे रस्त्याच्या मालकीवर अवलंबून असते. राष्ट्रीय महामार्गासाठी महामार्ग प्राधिकरण किंवा बांधकाम खात्याचा महामार्ग विभाग, राज्यमार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, ग्रामीण रस्त्यांसाठी प्रामुख्याने जिल्हा परिषद आणि शहरात महापालिका वा नगर परिषद उत्तरदायी असते. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास, संबंधित यंत्रणा वा कंत्राटदारास एक लाखापर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तो आदेश सांडलेल्या मालाबाबत नाही. परंतु सुरक्षित रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे, ही भूमिका त्यातून अधोरेखित होते.

पहिला तास महत्त्वाचा

अपघातास कारण ठरलेली वस्तू रस्त्यातून जरूर हटवावी, पण त्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे. पोलिसांच्या घटनास्थळ पंचनाम्यात त्या वस्तूची नोंद करण्याचा आग्रह धरावा. खाणीच्या वजनकाट्यावरील नोंदी आणि वननाक्यावरील वाहतूक परवान्यांवरून त्या वेळी कोणती वाहने गेली, याचा शोध घेता येतो. न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा. अपघातस्थळाच्या किंवा स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातही तो करता येतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ‘स्वतःच पडला’ या दोन शब्दांवर सही करण्यापूर्वी नातेवाइकांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे.