राखणीची घरगुती द्रव्ये (जव्हार-मोखाडा)

राखणीची घरगुती द्रव्ये म्हणजे दृष्ट, करणी, भूतबाधा आणि अशाच इतर अदृश्य उपद्रवांपासून माणसे, गुरे, घर व धान्य यांचे रक्षण व्हावे या समजुतीने घरच्या घरी तयार केले जाणारे किंवा घरातच सापडणारे पदार्थ होत. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, चुलीतील राख, काजळ, बिब्बा, वेखंड, तांदळाचे दाणे, शेंदूर, काळा दोरा आणि तिकटीवरची माती ही त्यांतील ठळक द्रव्ये आहेत. ती महाराष्ट्रात सर्वत्र वापरली जातात. प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे. या द्रव्यांना अलौकिक शक्ती असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यांतील काहींचे भौतिक व रासायनिक गुणधर्म मात्र खरे आहेत, आणि लाभ व अपाय हे दोन्ही त्या गुणधर्मांतूनच होतात.

पार्श्वभूमी

जव्हार व मोखाडा हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्थापन होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. त्यापूर्वी, १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत, जव्हार ही मुकणे घराण्याची संस्थानी राजधानी होती. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ढोर कोळी, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. भात, नागली व वरई ही मुख्य पिके असून पावसाळ्यानंतर शेतीचे काम संपते व अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामावर मजुरीसाठी बाहेर पडतात.

या समाजांच्या धारणेत जग रिकामे नसते. कणसरी ही धान्याची देवी, धरतरी ही भूमी, हिमाय, हिरवा, नारनदेव आणि वाघदेव ही दैवते शेत, रान व घर यांच्याशी बांधलेली आहेत. गावाच्या वेशीवर किंवा रानात शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड अथवा लाकडी खांब आढळतो व त्यावर वाघासोबत चंद्र-सूर्यही कोरलेले असतात. राखणीची घरगुती द्रव्ये या मोठ्या व्यवस्थेचा सर्वांत खालचा, रोजच्या हाताळणीतला थर मानता येतील. वेशीवरचे रक्षण देवाकडे, आजाराचे निदान भगताकडे आणि लहानसहान राखण घरातल्या बाईकडे, अशी साधारण विभागणी दिसते. भगत हा बहुतेकदा पुरुष असतो. चुलीजवळची राखण जवळपास पूर्णपणे स्त्रियांच्या हातची आहे, आणि बहुधा त्यामुळेच तिच्या नोंदी फार कमी झाल्या आहेत.

मीठ, मोहरी आणि मिरची

दृष्ट काढण्याचा विधी सर्वपरिचित आहे. खडे मीठ, मोहरी व विषम संख्येतील सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन त्या व्यक्तीवरून तीन किंवा सात वेळा ओवाळतात. आल्यागेल्याची, घरच्यादारच्यांची, ओळखीच्या-अनोळखी माणसांची नजर उतरो, अशा अर्थाचे पुटपुटणे चालू असते. नंतर मूठ चुलीत टाकतात. तीन वाटा मिळतात त्या तिकटीवरची चिमूटभर माती किंवा ज्याची नजर लागल्याचा संशय असेल त्याच्या पायाखालची मातीही काही वेळा त्यात मिसळली जाते. ओवाळून झाल्यावर मागे वळून पाहू नये, असा संकेत आहे.

विधीचा निकाल चुलीत लागतो. मीठ-मोहरी जोरात तडतडली तर दृष्ट कडक होती असे म्हणतात. मिरची जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट होती आणि ती निघाली असे समजतात. या दोन्ही खुणांना सरळ भौतिक कारणे आहेत. खड्या मिठाच्या स्फटिकांत बनताना समुद्राच्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. अचानक उष्णता मिळाली की त्यांची वाफ होऊन स्फटिक फुटतो व आवाज येतो. मोहरीच्या दाण्यातील ओलावाही असाच वाफ होऊन टरफल फोडतो. बारीक दळलेले मीठ त्या मानाने फारसे तडतडत नाही. मिरचीचा ठसका कॅप्सेसिन या तिखट द्रव्यामुळे लागतो. भडकलेल्या निखाऱ्यावर मिरची पडली तर ते द्रव्य जळून जाते आणि ठसका कमी होतो. मंद आचेवर ती धुमसत राहिली तर तेच द्रव्य धुराबरोबर घरभर पसरते. म्हणजे निदान दृष्टीचे होत नाही, चुलीच्या आचेचे होते.

असे असले तरी विधीचा सामाजिक आशय निरर्थक नाही. रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन घरातली वडीलधारी स्त्री काही क्षण केवळ त्याच्याकडे लक्ष देते आणि आईचीही घालमेल शमते. या स्वरूपात विधी निरुपद्रवी म्हणता येतो. मात्र दमा किंवा न्यूमोनिया झालेल्या मुलाजवळ मिरचीचा धूर करणे धोक्याचे आहे, आणि कुडाच्या, खिडकी नसलेल्या घरात तो धूर बराच वेळ कोंडून राहतो.

काजळ, तीट आणि बाळंतिणीची खोली

एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताट किंवा भांडे पालथे धरून जमलेली काजळी तुपात खलली की घरगुती काजळ होते. बाळाच्या कपाळावर, गालावर किंवा तळपायाला त्याची तीट लावतात. सुंदर वस्तूत मुद्दाम एक उणीव ठेवली की पाहणाऱ्याची नजर तिथेच अडते, हा त्यामागचा विचार. ‘गालबोट लागणे’ हा मराठी वाक्प्रचार त्याच कल्पनेतून आलेला आहे, फक्त त्याचा अर्थ उलट झाला आहे. भरल्या शेतात चुन्याचे पांढरे ठिपके दिलेले काळे मडके काठीवर पालथे घालतात, तीही पिकाला लावलेली तीटच होय. कपाळावरची तीट निर्धोक असते. डोळ्यांत बोटाने काजळ घातल्यास जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ ते टाळण्याचा सल्ला देतात.

प्रसूतीनंतरचे पहिले दिवस सर्वांत जोखमीचे मानले जातात. उशाखाली कोयता किंवा विळा ठेवणे, दारात राखेची रेघ ओढणे, बाळाच्या मनगटात वेखंडाचे तुकडे ओवणे, ओवा व शेपा यांची निखाऱ्यावर धुरी देणे हे उपाय सुईण व घरातील वृद्ध स्त्रिया करतात. पाचव्या दिवशी पाचवीचे पूजन होते. एकेकाळी खेड्यांत नवजात अर्भकांचे मृत्यू याच काळात मोठ्या प्रमाणावर होत, त्यामुळे ही भीती निव्वळ काल्पनिक नव्हती. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यामुळे किंवा तिच्यावर राख अथवा शेण लावल्यामुळे होणारा धनुर्वात हे त्या मृत्यूंचे एक मोठे कारण होते. राखणीसाठी लावलेले द्रव्यच येथे घातक ठरत असे. गर्भवतींचे लसीकरण आणि संस्थात्मक प्रसूती यांमुळे हे चित्र बदलले, आणि माता व नवजातांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले.

बाळाच्या अंगड्याला कापराची पुडी बांधण्याची चाल अलीकडे शहरातून खेड्यांतही पोचली आहे. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात, त्यामुळे ही पुडी मुलाच्या हाती लागू न देणे इष्ट.

राख

चुलीतील राख ही या साऱ्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बहुगुणी वस्तू आहे. देवापुढच्या धुनीची किंवा भगताने मंत्रून दिलेली राख ‘अंगारा’ म्हणून कपाळाला लावतात, चिमूटभर तोंडात घालतात, गुरांच्या पाठीवर टाकतात. हीच राख कडधान्यात मिसळली की भुंगे व सोंडे कमी लागतात, कारण तिचे बारीक कण किड्यांच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडून त्यांना सुकवतात. शेणाने सारवलेल्या कणगीत निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला घालण्याची पद्धतही अशीच उपयुक्त आहे. भाताच्या व नागलीच्या रोपवाटिकेत पालापाचोळा, शेण व फांद्या जाळून ‘राब’ भाजतात. त्यामुळे तणाचे बी मरते आणि जमिनीला राखेतील पालाश मिळते. धान्याला देवी मानणाऱ्या घरात ‘कणसरी राखणे’ आणि ‘किडीपासून धान्य वाचवणे’ या दोन वेगळ्या क्रिया नसतात. जादू कुठे संपते आणि शेतकी कुठे सुरू होते, ही रेषा बाहेरून आलेला अभ्यासक ओढतो.

बिब्बा

बिब्बा हे भिलाव्याच्या झाडाचे फळ. आंबा व काजू ज्या कुळातले, त्याच कुळातला हा पानझडी वृक्ष सह्याद्रीच्या रानात आढळतो. फळाच्या सालीतील काळा, चिकट रस कपड्यावर पडला की निघत नाही, म्हणून पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो वापरत. लिंबू व मिरच्यांबरोबर बिब्बा आणि कोळसा दोऱ्यात ओवून दाराला टांगतात. गोठ्याच्या चौकटीवर तो ठोकतात. बाळंतिणीच्या खोलीतही ठेवतात.

बिब्ब्याला राखणदाराचे स्थान का मिळाले असावे, याचा अंदाज त्याच्या गुणावरून येतो: तो स्वतःच बाधतो. त्याच्या रसातील फिनॉलवर्गीय तेलामुळे त्वचेवर फोड येतात, सूज येते, जखम चिघळते. त्याला ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. पायाच्या भेगांवर किंवा दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावणे, पोट फुगलेल्या मुलाला बिब्ब्याचे अथवा तापलेल्या विळ्याचे डाग देणे हे प्रकार ग्रामीण महाराष्ट्रात होत आले आहेत. लहान मुलांच्या बाबतीत असे डाग म्हणजे भाजलेली जखमच असते आणि मूळ आजार तसाच राहतो. आयुर्वेदात भल्लातक शोधन करूनच वापरण्याचा दंडक आहे. घरगुती वापरात ती पायरी गाळली जाते.

लिंबू-मिरची टांगल्याने हवेत जीवनसत्त्वे पसरतात व जंतू मरतात असे ‘शास्त्रीय’ स्पष्टीकरण समाजमाध्यमांवर फिरत असते. त्याला आधार नाही. मूळ श्रद्धा निदान स्वतःला विज्ञान म्हणवत नाही.

तांदूळ आणि चौक

वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने भिंतीवर चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते व तिच्याजवळच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा रक्षक देव. धवलेरी ही स्त्री-पुरोहित गाणी म्हणत विधी चालवते. आज जगभर ‘वारली चित्रकला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रांचे मूळ या राखणीच्या व सुफलतेच्या लेखनात आहे.

तांदळाचा दुसरा उपयोग निदानाचा आहे. भगत सुपात किंवा तळहातावर दाणे घेऊन त्यांची मांडणी व संख्या पाहतो आणि आजार देवाच्या कोपाचा, पितरांचा की कोणाच्या करणीचा, हे सांगतो. पहिल्या दोन उत्तरांवर नारळ, कोंबडा किंवा मोहाच्या दारूची धार देऊन भागते. तिसरे उत्तर गंभीर असते, कारण त्याला माणसाचे नाव लागते.

भुताळीचा आळ

करणी करणाऱ्या स्त्रीला या भागात भुताळी म्हणतात. आळ बहुधा म्हाताऱ्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या किंवा भाऊबंदकीत जमिनीचा वाटा असलेल्या स्त्रीवर येतो. गुराचे दूध आटणे, मूल दगावणे, पीक जाणे ही निमित्ते. घरात सापडलेली हळदकुंकवाची पुडी, सुया टोचलेले लिंबू किंवा दारापुढची राख पुरावा म्हणून पुढे केली जाते. वस्तुतः या वस्तू प्रत्येक घरात असतात. जी राख एका घरात राखण, तीच शेजारणीच्या घरात करणी ठरते. वाळीत टाकणे, मारहाण, गावातून हाकलणे आणि क्वचित खून येथपर्यंत अशी प्रकरणे महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात गेलेली आहेत.

सर्पदंश आणि उपचारातील विलंब

सर्पदंशावर भगताकडे नेण्याची प्रथा विशेष घातक आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे भारतातील चार प्रमुख विषारी साप. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या काही दंशांतही विष उतरत नाही, त्यामुळे अंगारा लावलेले अनेक रुग्ण बरे होतात व श्रेय अंगाऱ्याला मिळते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटेपर्यंत श्वसनाचे स्नायू लुळे पडू लागतात. तेथे प्रतिसर्पविष लस व कृत्रिम श्वसन हाच उपाय आहे. अंथरुणाभोवती ओढलेल्या राखेच्या रेघेपेक्षा नीट खोचलेली मच्छरदाणी अधिक राखण करते.

भगताकडे जाण्याचे कारण केवळ अज्ञान हे मानणे अपुरे आहे. जव्हारचे कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठण्यासाठी दूरच्या पाड्यांना रस्ता, वाहन आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करावा लागतो. भगत पाड्यातच असतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष गेले. कुपोषित मुलाची किरकिर, सुकत जाणे आणि वारंवार आजारी पडणे ही लक्षणे घरात दृष्ट लागल्याची म्हणूनच ओळखली जातात, हे आरोग्यसेवकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

कायदा

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्य शासनाने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुराचे दूध आटवते किंवा रोगराई आणते असा आळ घेणे, जारणमारणाच्या नावाखाली मारहाण करणे, तसेच साप, विंचू वा कुत्रा चावल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत येतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास व ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी आहे. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारे धार्मिक विधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यामुळे घरी मीठ-मोहरीने दृष्ट काढणे हा गुन्हा ठरत नाही.

अभ्यास

ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये येथील जमातींची वर्णने आहेत. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेल्या साहित्यावर आधारलेले आर. ई. एन्थोवेन यांचे कोकणातील लोकविद्येवरील पुस्तक १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ चा आहे. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव झाला.