गोषवारा आणि तपशील



आपल्या नाशिक रोडला नोट ही नुसती खर्चाची वस्तू नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभी राहिली, करन्सी नोट प्रेस १९२८ साली. तेव्हापासून येथील कितीतरी घरांची चूल या छापखान्यांवर पेटत आली आहे. तेथली शंभराची नोट एकदा निरखून पाहावी. किंमत एकच, पण ती किती परींनी सांगितली आहे! अंकांत आहे, हिंदी-इंग्रजी अक्षरांत आहे, मागे पंधरा भाषांच्या पट्टीत आहे आणि ज्याला दृष्टी नाही त्याच्या बोटांसाठी उंचावलेला त्रिकोण आहे. वाचणारे निराळे, परंतु अंक वाचणाऱ्याला शंभर आणि त्रिकोण चाचपणाऱ्याला नव्वद, असे कधी होत नाही.

हीच कसोटी कामगार चळवळीच्या कागदांना लावून पाहावी, असे आम्हांस वाटते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दरवाजावर फार झाले, म्हणून उदाहरणही तेथलेच घेतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपणांस परिचित आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईत चालविले. गिरण्यांत तेव्हा पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. १८८१ चा कारखाना कायदा झाला होता, पण त्याने सात वर्षांखालील मुलांस मज्जाव केला यापलीकडे प्रौढ कामगाराच्या पदरात फारसे काही पडले नव्हते. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे गेला.

या एका गाऱ्हाण्याचे वाचक किती तऱ्हेचे होते, पाहा. सभेतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना ते कानांनीच मिळायचे. ‘दीनबंधु’ घेणाऱ्यास मराठीत सविस्तर वाचायचे होते. कमिशनला मुद्दे हवे होते. अर्जात मागण्या अवघ्या पाच: दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा पंगू झाल्यास निर्वाहाची सोय. यात कळकळीचे शब्द गाळले आहेत. वार, तास आणि तारीख मात्र गाळलेली नाही. गोषवारा कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आता मुख्य मागणी एकच, आठवड्याची सुटी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात ती कलम होऊन बसली.

कायद्याची कलमे वाढत गेली, तशी ती कामगाराला कळावीत कशी, हा प्रश्नही वाढला. १९४८ च्या कारखाना कायद्यात १२० कलमे होती. त्यांतल्या १०८ व्या कलमाने मालकावर बंधन घातले की, कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ, सुवाच्य लावावा. कायद्यानेच आपली छोटी आवृत्ती काढण्याचा हुकूम दिला!

परंतु छोट्या आवृत्तीत धोका असतो आणि तो आम्ही स्वतः करून चुकलो आहोत. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात करार झाला. मूळ कागद इंग्रजी, तीसेक पानांचा. आम्ही अर्ध्या पानाचे पत्रक काढले: पगारवाढ झाली, फरक दिवाळीपूर्वी मिळणार. पगाराच्या दिवशी एक बदली कामगार पत्रकाची घडी उलगडीत आला. त्याने त्या भरवशावर वाण्याची उधारी केली होती. “भाऊ, बदलीवाले वगळले असं यात कुठं लिहिलंय?” त्याने विचारले. ते करारात लिहिले होते, पत्रकात नव्हते. आमच्या पत्रकात एक अक्षर खोटे नव्हते, तरी तो माणूस फसला होता, आणि फसविणारे आम्ही होतो. वगळलेले वाक्य आम्हांला किरकोळ वाटले. त्याचे घर त्याच वाक्यावर उभे होते.

त्या दिवसापासून आम्ही दोन नियम पाळतो. पत्रक कितीही लहान असो, लाभ कोणाला नाही हे त्यात पहिल्यांदा लिहायचे. आणि प्रत्येक मुद्द्यापुढे कराराच्या कलमाचा आकडा घालून, संपूर्ण करार मराठीत कचेरीतल्या टेबलावर ठेवायचा. शंभरांतले पाचच जण तो उघडतात. पण त्या पाचांच्या धाकाने आमचे अर्धे पान सरळ राहते.